विश्लेषण : पडद्यावरच्या कुत्र्यासाठी डोळ्यांत पाणी, दारातल्या कुत्र्यासाठी काठी?

मालकाची वाट पाहणारा हाचिको, चिठ्ठी पोहोचवणारा टफी, बर्फ पाहायला निघालेली चार्ली... पडद्यावरच्या या कुत्र्यांनी प्रेक्षकांच्या अनेक पिढ्यांना रडवले. चित्रपटगृहातून डोळे पुसत बाहेर पडणारा हाच प्रेक्षक दारातल्या कुत्र्याला पाहून मात्र काठी शोधतो किंवा पडद्यावरच्यासारखाच कुत्रा हवा म्हणून हौसेने पिल्लू विकत आणतो आणि दोन वर्षांत कंटाळतो. कुत्र्याच्या इमानदारीचे गोडवे गाणाऱ्या चित्रपटांनी माणसाच्या इमानाबद्दल काय शिकवले, हा प्रश्न म्हणूनच विचारायला हवा.

हाचिकोची खरी गोष्ट काय?

चित्रपटांतील कुत्र्यांची कोणतीही यादी हाचिकोशिवाय पूर्ण होत नाही. १९८७ मध्ये जपानमध्ये त्याच्यावर चित्रपट आला आणि २००९ मध्ये रिचर्ड गिअरची भूमिका असलेल्या ‘हाची : अ डॉग्ज टेल’ने ती कथा जगभर नेली. मूळ हाचिको हा अकिता जातीचा कुत्रा. जन्म १९२३चा. टोकियोच्या विद्यापीठात कृषी विषय शिकवणारे प्राध्यापक हिदेसाबुरो उएनो यांनी त्याला आणले. प्राध्यापक कामावरून परतण्याच्या वेळी तो शिबुया स्थानकावर त्यांना घ्यायला जाई. मे १९२५ मध्ये उएनो यांचे अकस्मात निधन झाले. हाचिको मात्र मार्च १९३५ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे जवळपास दहा वर्षे, त्या स्थानकावर येत राहिला.

चित्रपटांत इथवरचा भाग येतो. त्यात फारसा न येणारा भाग अधिक बोलका आहे. सुरुवातीची काही वर्षे शिबुया स्थानकात हाचिकोला कोणी प्रेमाने वागवले नाही. तो येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायात येणारे, फेरीवाल्यांना नकोसे झालेले एक कुत्रे होता. त्याला हाकलले जाई, मारही बसे. १९३२ मध्ये एका मोठ्या दैनिकात त्याची हकिगत छापून आली आणि चित्र पालटले. लोक त्याच्यासाठी खाऊ आणू लागले. १९३४ मध्ये तो जिवंत असतानाच स्थानकासमोर त्याचा पुतळा उभा राहिला. महायुद्धात धातूसाठी तो वितळवला गेला, १९४८ मध्ये पुन्हा उभारला गेला आणि आज ते टोकियोतील भेटीगाठींचे सर्वांत परिचित ठिकाण आहे.

कुत्रा तोच, स्थानकही तेच आणि रोजचे येणेही तसेच. बदलली ती फक्त लोकांना माहीत असलेली गोष्ट. गोष्ट कळण्याआधी तो उपद्रव होता, कळल्यावर आदर्श झाला. कुत्र्याकडे माणूस कसा पाहतो, हे पुष्कळदा कुत्र्यावर नव्हे तर त्याची कोणती गोष्ट सांगितली गेली यावर ठरते. चित्रपटाची ताकद इथेच आहे आणि जबाबदारीही.

पडद्यावर कुत्रे आले कसे?

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, ली डंकन या अमेरिकी सैनिकाला फ्रान्समधील उद्ध्वस्त रणभूमीवर जर्मन शेफर्डची पिल्ले सापडली. त्यातील एक ‘रिन टिन टिन’ या नावाने हॉलीवूडचा तारा झाला. मूकपटांच्या काळात भाषेची अडचण नव्हती आणि कुत्र्याला संवादांची गरज नव्हती. वॉर्नर ब्रदर्सच्या सुरुवातीच्या यशात त्याचा मोठा वाटा मानला जातो. १९३९ मधील ‘द विझार्ड ऑफ ओझ’मध्ये डोरोथीचा टोटो झालेल्या टेरी या कुत्रीला आठवड्याला १२५ डॉलर मिळत. १९४३ च्या ‘लॅसी कम होम’मधील लॅसी ही पडद्यावर मादी, प्रत्यक्षात ती भूमिका पाल नावाच्या नराने केली. गरिबीमुळे विकली गेलेली लॅसी शेकडो मैल चालून आपल्या मुलाकडे परतते, ही कथा आजही प्रेक्षकाला हलवते.

‘ओल्ड येलर’ (१९५७) या सगळ्यांत वेगळा. कुटुंबाला वाचवताना पिसाळलेल्या लांडग्याशी झुंजलेल्या कुत्र्याला रेबीज होतो आणि त्याला गोळी घालण्याची वेळ घरातल्या मुलावरच येते. प्रेम करायचे तर अप्रिय कर्तव्यही आपल्यालाच पार पाडावे लागते, हे सांगणारा तो चित्रपट. असे चित्रपट मोजकेच. बहुतेक ठिकाणी त्याग कुत्र्याचा आणि टाळ्या माणसाच्या.

भारतीय चित्रपटांत काय दिसते?

‘तेरी मेहरबानियाँ’ (१९८५) मधील मोती मालकाच्या खुनाचा सूड घेतो. जॅकी श्रॉफ नायक असला, तरी प्रेक्षकांच्या लक्षात राहिला तो कुत्राच. ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) मध्ये टफी क्रिकेटच्या सामन्यात पंच होतो आणि शेवटी योग्य हातात चिठ्ठी पोहोचवून लग्न जुळवतो. ‘दिल धडकने दो’ (२०१५) मध्ये तर प्लुटो हा कुत्राच, आमिर खानच्या आवाजात, माणसांच्या कुटुंबाचा ढोंगीपणा सांगतो. मोती, टफी, प्लुटो यांत एक गोष्ट समान आहे. ते माणसाच्या उपयोगी पडतात. त्यांचे स्वतःचे दुखणे, भूक, म्हातारपण कथेत नसते.

दोन चित्रपट याला अपवाद म्हणता येतील. नितेश तिवारी आणि विकास बहल यांच्या ‘चिल्लर पार्टी’ (२०११) मध्ये मुंबईतील एका सोसायटीची मुले गाड्या धुणाऱ्या फटकासाठी आणि त्याच्या भिडू या रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी थेट मंत्र्याशी भिडतात. भिडू कोणत्याही उंची जातीचा नाही, त्याने कोणाचा जीवही वाचवलेला नाही. तो फक्त आहे, आणि तेवढे कारण मुलांना पुरते. दुसरा कन्नडमधील ‘७७७ चार्ली’ (२०२२). रक्षित शेट्टीने साकारलेला एकलकोंडा धर्मा आणि त्याच्या दारात आलेली लॅब्राडोर चार्ली. चार्ली पळून आलेली असते ती पिल्लांचा धंदा करणाऱ्याकडून. तिचा आजारही त्या धंद्यातील नात्यातल्या नात्यात केलेल्या पैदाशीशी जोडलेला असतो. इथे कुत्री माणसासाठी काही पराक्रम करत नाही. माणूस तिच्यासाठी घरदार सोडून हिमालयाची वाट धरतो. कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांना हा चित्रपट पाहून अश्रू आवरले नव्हते.

कुत्र्याला पाहून डोळे का भरतात?

यामागे केवळ दिग्दर्शकाचे कौशल्य नाही. जपानमधील अझाबु विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास २०१५ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते, असे त्यात आढळले. आई आणि तान्हे बाळ यांच्यातील जिव्हाळ्याशी जोडले जाणारे हेच संप्रेरक. माणसाने वाढवलेल्या लांडग्यांमध्ये मात्र हे दिसले नाही.

२०१९ मध्ये जुलियान कामिन्स्की आणि सहकाऱ्यांनी कुत्रे आणि लांडगे यांच्या चेहऱ्याचे स्नायू तपासले. भुवईचा आतला भाग वर उचलणारा स्नायू कुत्र्यांमध्ये ठळक असतो, तर लांडग्यांत तो जवळजवळ नसतो. आपल्याला केविलवाणी वाटणारी ती नजर या स्नायूची. हजारो वर्षे माणसाच्या सहवासात राहताना ज्या कुत्र्यांची नजर माणसाला भिडली, त्यांना माणसाने अधिक सांभाळले असावे, असा त्याचा अर्थ लावला जातो. कुत्रा माणसाला वाचायला शिकला आणि माणसाला वाचता येईल असा चेहराही त्याने कमावला. कॅमेरा नेमका तोच टिपतो.

मराठी मनाला हे नाते नवे नाही. दत्ताच्या पायाशी कुत्रे आहेत, खंडोबासोबत कुत्रा आहे आणि त्याचे भक्त स्वतःला ‘वाघ्या’ म्हणवतात. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ‘कोरडी खाऊ नकोस’ म्हणत तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव घराघरांत माहीत आहेत. महाभारतात युधिष्ठिर सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जायला नकार देतो. या साऱ्या कथांमध्ये परीक्षा कुत्र्याची नसून माणसाची आहे, हे विशेष. तरी ‘कुत्रंसुद्धा विचारत नाही’, ‘कुत्र्याच्या मौतीने मरणे’ हे वाक्प्रचारही याच भाषेतले. पूजा आणि हेटाळणी अशी शेजारी शेजारी नांदते.

चित्रपट पाहून कुत्रा घेतला तर?

चित्रपटातील कुत्र्यांचा बाजारावर होणारा परिणाम मोजला गेला आहे. अमेरिकेतील नोंदणीच्या आकडेवारीवर आधारलेला एक अभ्यास २०१४ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्रा महत्त्वाच्या भूमिकेत असलेल्या चित्रपटानंतर त्या जातीची मागणी वाढते आणि हा परिणाम दहा वर्षांपर्यंत टिकू शकतो, असा त्याचा निष्कर्ष होता. ‘लॅसी कम होम’नंतरच्या दोन वर्षांत कॉली जातीची नोंदणी ४० टक्क्यांनी वाढली. ‘द शॅगी डॉग’ (१९५९) नंतर ओल्ड इंग्लिश शीपडॉगची नोंदणी तर शंभर पटींनी वाढली.

‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिकेतील लांडग्यांवर भाळून लोक हस्की घेऊ लागले आणि मग सोडूनही देऊ लागले. अखेर त्या मालिकेतील अभिनेता पीटर डिंकलेज याला २०१७ मध्ये ‘केवळ दिसायला छान म्हणून हस्की विकत घेऊ नका’ असे जाहीर आवाहन करावे लागले. भारतात २००३ च्या ‘हच’च्या जाहिरातीत छोट्या मुलामागे फिरणारा पग घरोघरी पोहोचला आणि शहरांत पगची लाट आली. चपट्या नाकामुळे या जातीला श्वसनाचा त्रास होतो, उकाडा सोसत नाही, हे जाहिरातीत दिसण्याचे कारण नव्हते. बर्फाळ प्रदेशासाठी घडलेला हस्की विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सांभाळायचा, तर तो घराच्या वातानुकूलित खोलीचा कैदी होतो.

कुत्रा साधारण दहा ते तेरा वर्षे जगतो. चित्रपट अडीच तासांत संपतो. ज्या कुत्र्याला पाहून हौस उत्पन्न झाली, तो प्रशिक्षित असतो, त्याच्या मागे प्रशिक्षक उभा असतो आणि एकाच भूमिकेसाठी अनेकदा दोन-तीन कुत्रे वापरलेले असतात. घरी आलेले पिल्लू चपला कुरतडते, रात्री रडते, आजारी पडते. ते पडद्यावरच्या कुत्र्यासारखे वागत नाही, ही त्याची चूक नव्हे.

प्रसिद्धी कुत्र्याला वाचवते का?

बाल्टोची हकिगत यावर पुरेशी आहे. १९२५ मध्ये अलास्कातील नोम गावात घटसर्पाची साथ आली तेव्हा स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांच्या तुकड्यांनी बर्फाच्या वादळातून औषध पोहोचवले. शेवटचा टप्पा बाल्टोच्या तुकडीचा, म्हणून नाव त्याचे झाले. सर्वांत लांब आणि खडतर टप्पा टोगो या कुत्र्याच्या तुकडीने पार केला होता. त्याच्यावर चित्रपट यायला २०१९ उजाडले. त्याच वर्षी, म्हणजे १९२५ च्या डिसेंबरात, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये बाल्टोचा पुतळा उभा राहिला. त्यानंतर दोनच वर्षांत जिवंत बाल्टो आणि त्याचे साथीदार लॉस एंजेलिसमध्ये एका खेळवाल्याकडे हलाखीत सापडले. नाणे टाकून लोक त्यांना पाहत. क्लीव्हलँड शहरातील नागरिकांनी, त्यात शाळकरी मुलेही होती, वर्गणी काढून त्यांना सोडवले. पुतळा उभारणे सोपे असते, कारण पुतळ्याला खायला घालावे लागत नाही.

मुंबईने याबाबत बरे उदाहरण घालून दिले आहे. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या ‘झंजीर’ने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून काढले. २००० मध्ये तो गेला तेव्हा त्याला पोलीस इतमामात निरोप दिला गेला. २६/११ च्या हल्ल्यात काम केलेल्या सीझरला आणि त्याच्या साथीदारांना निवृत्तीनंतर विरारजवळील एका शेतघरात आसरा मिळाला, तिथेच २०१६ मध्ये त्याचा अंत झाला. कामाचा काळ संपल्यावर जनावराला कोण सांभाळते, यावरून नाते खरे की सोयीचे हे कळते.

गल्लीतल्या कुत्र्याचे काय?

इथे भावनेइतकाच हिशेबही हवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार देशात वर्षाला सुमारे ९१ लाख प्राणीदंश होतात. त्यातील तीन चतुर्थांशांहून अधिक कुत्र्यांचे. रेबीजने दरवर्षी सुमारे ५,७०० मृत्यू होत असावेत, असा त्या पाहणीचा अंदाज आहे. लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो. ज्या घरातील मूल चावले गेले, त्या घराला हाचिकोची गोष्ट सांगणे क्रूरपणाचे ठरेल. कुत्र्यांवर प्रेम करणाऱ्यांनी ही भीती खोटी ठरवू नये.

सर्वोच्च न्यायालयातही हा पेच दिसला. ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आदेश झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्र्यांना त्याच भागात सोडावे, रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, खाऊ घालण्यासाठी जागा ठरवाव्यात, असे सांगितले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बस आणि रेल्वे स्थानके अशा ठिकाणची कुत्री हटवण्याचे आणि तिथे परत न सोडण्याचे निर्देश आले. या आदेशांवरून ‘कुत्रे हवे’ आणि ‘कुत्रे नको’ असे दोन तट पडले. तोडगा मात्र या दोन्ही घोषणांत नाही.

तो शेजारी गोव्यात सापडतो. तिथे २०१४ पासून राज्य सरकार आणि स्वयंसेवी संस्थेने मिळून कुत्र्यांचे सामूहिक लसीकरण, शाळांमध्ये प्रबोधन आणि रेबीजच्या प्रत्येक संशयित कुत्र्याचा शोध अशी त्रिसूत्री चालवली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार कुत्र्यांमधील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले. अभ्यासाच्या अखेरीस माणसांचे रेबीजमृत्यूही थांबले होते. कुत्रे तिथेच होते. आजार हटला. माणसाची सुरक्षितता आणि कुत्र्याचा जीव यांत एकच निवडावे लागते, हा समज गोव्याच्या अनुभवाने खोडून काढला आहे. त्यासाठी लागले ते वर्षानुवर्षांचे सातत्य. एखादी बातमी गाजली की कुत्री पकडण्याची मोहीम काढणाऱ्या आपल्या पालिकांकडे नेमके तेच नसते.

कायदा काय सांगतो?

चित्रीकरणात प्राणी वापरायचा तर २००१ च्या नियमांनुसार नोंदणी आणि प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. चित्रपटाच्या सुरुवातीची ‘कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही’ ही पाटी त्यातूनच येते. पिल्लांच्या पैदाशीसाठी २०१७ चे नियम आहेत. त्यानुसार पैदासकाराने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायला हवी आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. भटक्या कुत्र्यांसाठी २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत आणि त्यांची अंमलबजावणी स्थानिक स्वराज्य संस्थांवर आहे. पडद्यावरचा कुत्रा पाटीने सुरक्षित होतो. पडद्याबाहेरच्या कुत्र्यासाठी नियम असूनही, पिल्लू विकत घेताना नोंदणीचा कागद मागणारा ग्राहक विरळाच.

मग इमान कोणाचे?

जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे १९१४ मध्ये सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचे दफन सापडले. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत एक कुत्रा. त्या कुत्र्याच्या दातांचा नव्याने अभ्यास झाला आणि २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ते जेमतेम सात महिन्यांचे पिल्लू होते. त्याला डिस्टेंपर झाला होता आणि त्या आजारातही ते काही आठवडे तगले होते. कोणीतरी त्याला ऊब दिल्याशिवाय, पाणी पाजल्याशिवाय, स्वच्छ ठेवल्याशिवाय हे शक्य नव्हते, असे संशोधकांचे म्हणणे आहे. ते पिल्लू शिकारीला उपयोगी नव्हते, राखणीलाही नव्हते. तरी कोणीतरी त्याच्याजवळ बसून राहिले.

माणूस आणि कुत्रा यांच्या नात्याच्या ज्या अगदी जुन्या खुणा हाती आहेत, त्यांतील ही एक. आणि ती कुत्र्याच्या नव्हे, माणसाच्या इमानाची आहे. चित्रपटांनी शंभर वर्षे या नात्याचा अर्धा भाग सुंदर सांगितला. उरलेला अर्धा तिकीट काढून पाहता येत नाही. विकत घेण्याआधी दत्तक पिल्लाचा विचार करणे, घेतले तर त्याच्या म्हातारपणापर्यंत सांभाळणे, गल्लीतल्या कुत्र्याच्या लसीकरणासाठी पालिकेच्या मागे लागणे आणि चावलेल्या माणसाला वेळेत लस मिळेल हे पाहणे, असा तो रुक्ष भाग आहे. हाचिकोसाठी रडणे चांगलेच. पण शिबुया स्थानकात त्याला हाकलणारी माणसेही आपल्यासारखीच होती, एवढे लक्षात राहिले तर त्या रडण्याला अर्थ उरेल.